शोभेचे झाड पिकात का धरत नाही? राज्याच्या फलोत्पादन धोरणकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याचे फलोत्पादनाचे धोरण ठरवणारे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे सलग अकरा दिवस झड लागली होती. ऊन म्हणून दिसले नाही. रोपवाटिकेतल्या गुलाबाच्या दोन हजार पिशव्यांची पाने आधी काळ्या ठिपक्यांनी भरली, मग पिवळी पडून गळली आणि बाराव्या दिवशी नुसत्या काड्या उरल्या. जास्वंदीच्या तीनशे कुंड्या मुळकुजीने गेल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या टोमॅटोचा पंचनामा करायला सरकारी माणसे आली होती. बांधावरून ती आमच्याकडेही आली, माल पाहिला, हळहळली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ताई, वाईट वाटतं, पण ही शोभेची झाडं. ही पिकात धरता येत नाहीत." त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या हातातल्या तक्त्यात आमच्यासाठी रकानाच नव्हता. तो रकाना वाढवणे ज्यांच्या हातात आहे, त्यांना मी हे पत्र लिहिते आहे. इतरांनीही ते वाचावे, कारण आमच्याकडचे झाड शेवटी कोणाच्या तरी गॅलरीत, सोसायटीच्या दारात नाहीतर रस्त्याच्या दुभाजकात जाते, आणि पुष्कळदा ते एकटे जात नाही.

मी पूर्व हवेलीतली. पुणे-सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर सोडले की सोरतापवाडी, नायगाव, उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही हातांना हिरव्या जाळ्या दिसू लागतात. हा आमचा पट्टा. सासऱ्यांनी उसातली अर्धा एकर मोकळी करून पिशव्या भरायला सुरुवात केली. मी लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षे झाली. आज तीन एकर आहे, चौदा माणसे रोज कामाला असतात, त्यातल्या नऊ बायका. ८ बाय १० च्या पिशवीतल्या एका रोपामागे खर्च वजा जाता चार-पाच रुपये सुटतात. एखादी फवारणी चुकली, उशिरा झाली किंवा नको ते औषध मारले गेले, तर तेवढेही हातात राहत नाहीत.

तुमच्या तक्त्यातल्या पिकाचा हंगाम एक असतो. आमच्याकडे वर्षभर दोनशे प्रकारची झाडे एका कुंपणात असतात आणि प्रत्येक ऋतू आपली कीड घेऊन येतो. होळी झाली की लाल कोळी. गुलाबाचे पान पांढऱ्या कागदावर झटकले की मिरपुडीसारखे ठिपके पडतात आणि क्षणभराने ते चालू लागतात. कडक उन्हाळ्यात या कोळ्याला अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालण्याइतके मोठे व्हायला जेमतेम आठवडा लागतो, त्यामुळे एका सोमवारी नजरेतून सुटला की पुढच्या सोमवारी शेंड्यांवर जाळी धरलेली असते. एप्रिल-मेमध्ये जास्वंद, अकॅलिफा, चाफ्यावर पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच त्याला शेजारच्या कुंडीत नेऊन सोडतात, म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो. मृग बरसला की गोगलगायी निघतात, बियांच्या ट्रेमधली झेंडू-पिटुनियाची रोपे बुडाशी कुजून कोलमडतात आणि लिलीवर काळ्या अंगाची, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची अळी चढते. ती दोन रात्रींत पूर्ण वाफा खाते.

पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्याचे मात्र नीट समजून घ्या, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्यामुळे होते. गुलाबाचे पान सलग सात-आठ तास ओले राहिले की त्या बुरशीचे बीज पानात शिरते. म्हणून शहाणा माळी संध्याकाळी पाइप हातात धरत नाही, सकाळी बुडाशी पाणी देतो, पिशव्या मोकळ्या मांडतो, गळलेली पाने उचलून लांब नेतो. एवढे सगळे आम्ही करतो. पण अकरा दिवस आभाळच पाणी देत असेल तेव्हा हे उपाय थिटे पडतात आणि आधीच घेतलेली बुरशीनाशकाची फवारणी तेवढी कामाला येते. ती कधी घ्यायची हे सांगणारा हवामानाचा आणि रोगाचा एकत्र इशारा टोमॅटोवाल्याला, द्राक्षवाल्याला कुठून ना कुठून मिळतो. आम्हाला मिळत नाही.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी. कापलेल्या टोकाला मलम लागले नाही तर शेंडा काळा पडत खाली उतरतो. सासरे अजून बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण घरी करतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झाले की त्यात विळ्याचे पाते बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालायची, पाते स्वच्छ निघाले तर फवारायचे. ही परीक्षा त्यांना कोणा छापील पत्रकाने शिकवली नाही, पण ती बरोबर आहे. पुढे थंडीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग, आणि शेवंतीवरचा मावा, आणि फेब्रुवारीच्या उन्हाबरोबर फुलकिडे. मग पुन्हा होळी.

एक प्रसंग सांगते, म्हणजे या धंद्यात वेळेला काय किंमत आहे ते कळेल. सायकस वर्षातून साधारण एकदाच पानांचा नवा झुबका काढतो. गाभ्यातून ती पाने वर येतात तेव्हा मखमलीसारखी मऊ असतात. त्याच वेळी एक लहानसे निळसर फुलपाखरू घिरट्या घालू लागते. दिसायला सुंदर असते, आणि नव्या मुलींना ते हाकलावेसे वाटत नाही. ते कोवळ्या पानांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्यांभोवती मुंग्या राखणदार म्हणून फिरतात आणि चार दिवसांत तो झुबका खाऊन नुसत्या शिरा उरतात. झाड मरत नाही. पण पुढचा झुबका येईपर्यंत ते विकता येत नाही, म्हणजे सात-आठ वर्षे सांभाळलेला सायकस आणखी एक वर्ष जागा अडवून बसतो. मागच्या जुलैत आमचे असे चाळीस सायकस अडले. पहिल्या फुलपाखराची वर्दी दोन दिवस आधी मिळाली असती, तर निंबोळी अर्काच्या एका फवाऱ्यावर आणि एका जाळीवर भागले असते.

आता तक्रारी. पहिली औषधांची. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने प्रत्येक औषधाच्या लेबलवर ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेने वापरायचे हे लिहिलेले असते. कायदा चांगला आहे. पण त्या लेबलांवर कापूस, भात, मिरची, टोमॅटो, द्राक्ष यांची नावे भरलेली आहेत. गुलाबाचे नाव अधूनमधून दिसते. जास्वंद, एक्झोरा, क्रोटन, ड्रासिना, सायकस, अरेका यांची नावे शोधत बसावे लागते आणि बहुतेक वेळा ती सापडत नाहीत. लेबलवर नाव नाही म्हणून शास्त्रज्ञ औषधाचे नाव लिहून देत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. मग सल्ला उरतो तो औषधाच्या दुकानाचा. दुकानदार मिरचीची मात्रा सांगतो, सोबत दोन टॉनिके देतो, आणि आम्ही ते सगळे एका पंपात ओततो. कोवळी पाने करपतात. कोळी मरत नाही, कारण त्याला ते औषध केव्हाच सवयीचे झालेले असते.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने डायकोफॉल आणि डिनोकॅप या दोन औषधांवर बंदी घातली. ज्यांनी गुलाब पिकवला आहे त्यांना ही नावे पाठ असतील. एक कोळ्याचे औषध, दुसरे भुरीचे. बंदीला माझा विरोध नाही, विषारी औषध बंद व्हायलाच हवे. पण ती दोन गेल्यावर त्यांच्या जागी रोपवाटिकेत काय वापरायचे, किती वापरायचे, कोणत्या औषधानंतर कोणते आलटून पालटून घ्यायचे, हे एका पानावर मराठीत लिहून आमच्यापर्यंत कोणी आणले नाही. तो कागद मी आजही शोधते आहे.

याच्याशी जोडलेली दुसरी तक्रार फवारणाऱ्यांची. शेडनेटच्या आत हवा खेळत नाही. पाठीवर पंप घेऊन जाणारा माणूस आपणच उडवलेल्या तुषारांत चालत असतो, आणि त्याच्यामागे तासाभराने बायका त्याच झाडांची पिवळी पाने खुडायला बसतात, बहुतेकींचे हात उघडे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा उंच वाढलेल्या कपाशीत अंगावर आलेल्या फवाऱ्याची खूप चर्चा झाली. शेडनेटमधला फवारा त्याहून वेगळा नाही. आमच्याकडे एका मजुराला दोन वर्षांपूर्वी फवारणीनंतर उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी औषधाची बाटली मागितली आणि ती आम्ही फेकून दिली होती. आता फवारणी झाली की बाटली दोन दिवस फळीवर ठेवतो, चोवीस तास त्या वाफ्यात कोणाला पाठवत नाही. हे आम्ही भीतीतून शिकलो. रोपवाटिकेतल्या मजुरांसाठी हातमोजे, मुखवटा आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देणे खात्याला अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी. ती आमच्या कुंपणाच्या बाहेरच्या लोकांशी जास्त संबंधित आहे.

आमचा निम्मा माल बाहेरून येतो. आंध्रात गोदावरीकाठी कडियमचा मोठा पट्टा आहे, बंगळुरूकडून घरातली झाडे येतात, कोलकात्याच्या बाजूने हंगामी फुलांची रोपे येतात. तिथल्या माळ्यांच्या हाताला गुण आहे आणि त्यांच्याशी आमचे दोन पिढ्यांचे व्यवहार आहेत. ट्रक रात्री दोनला येतो, गॅसबत्तीच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात उतरवला जातो, आणि सकाळी आठला त्यातला अर्धा माल लँडस्केपवाल्यांच्या टेम्पोत चढलेला असतो. या सहा तासांत पानाची खालची बाजू कोणी पाहत नाही.

२०१९ मध्ये आम्ही परराज्यातल्या एका रोपवाटिकेतून चारशे अरेका पाम आणले. चौथ्या दिवशी कुंड्या भरणाऱ्या मावशींनी मला हाक मारली. पानाच्या खाली कोणीतरी खडूने गोल गोल रेघोट्या मारल्यासारखे दिसत होते, त्यावर पांढरी कापसासारखी लव. महिन्याभरात खालच्या झाडांवर चिकटा ठिबकू लागला आणि त्यावर काजळी चढली. पेरू, केळी, सोनचाफा सगळे काळे. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. देशात ती पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळांवर सापडली, आणि पुढच्या काही वर्षांत केरळ, कर्नाटक, आंध्र, गोवा, आपले कोकण असे करत पसरली. माशीला स्वतःला एवढे उडता येत नाही. ती रोपांबरोबर गाडीतून आली.

मी तेव्हा काय केले ते लपवत नाही. दुकानातून तीन वेगवेगळी औषधे आणली आणि पाच फवारण्या केल्या. दर फवारणीनंतर आठवडाभर पाने स्वच्छ दिसत आणि मग माशी दुप्पट होऊन परत येई. पुढे एका शास्त्रज्ञांच्या व्याख्यानात कळले की या माशीच्या पिलांत अंडी घालणारी एक बारीक परजीवी गांधीलमाशी असते, तिचे नाव एन्कार्सिया. ती माशीच्या मागोमाग आपोआप येते आणि तीच तिला आटोक्यात ठेवते. फवारणीने आधी ती मरते. त्यांनी भिंग देऊन एक पान पाहायला लावले. माशीच्या पिलांच्या पाठीवर टाचणीने पाडावे तसे गोल भोक होते, परजीवी बाहेर पडल्याची खूण. त्या दिवसापासून आम्ही अरेकावर विषारी औषध मारले नाही. जोराच्या पाण्याने पाने धुतली, काजळीवर स्टार्चचे पातळ पाणी फवारले. ते वाळून पापुद्र्यासारखे निघते आणि काजळी घेऊन पडते. सहा-सात महिन्यांत माशी खाली आली. पहिल्या आठवड्यात हे कोणी सांगितले असते, तर चाळीस हजारांची औषधे वाचली असती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या दरम्यान आमच्याकडून गेलेली अडीचशे झाडे कोणाकोणाच्या बागेत ही माशी घेऊन गेली, हे मला आजही ठाऊक नाही. एखादी गाडी नक्कीच कोकणात गेली होती.

शोभेच्या झाडाला पीक न धरण्याचा हा परिणाम आहे. १९६९ पासून आपल्या राज्यात रोपवाटिकांचा आणि रोपविक्रीचा कायदा आहे, पण तो फळझाडांचा. भाजीपाल्याच्या रोपवाटिकांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची योजना आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर अळीने हाहाकार केल्यानंतर सरकारने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा उत्तम प्रकल्प उभा केला. आधी कापूस, सोयाबीन, तूर, भात, हरभरा, पुढे आंबा, डाळिंब, केळी, संत्री, चिकू असा तो वाढत गेला. त्यात शोभेच्या झाडांची रोपवाटिका नाही. शेडनेटला अनुदान मिळते, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण जाळी उभी राहिल्यावर तिच्या आत काय जगते आणि काय मरते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाकडेही नाही. कीड मात्र फळझाड, भाजी आणि शोभेचे झाड असा भेद करत नाही. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पपईवर जातो, कपाशीवर जातो. एका कुंपणावर पहारा आणि दुसरे उघडे, अशाने पहाऱ्यावरचा खर्चही वाया जातो.

गोगलगायीचेच घ्या. आफ्रिकेतली ही शंखी गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात सोडली गेली आणि तिथून देशभर पसरली. ती साबुदाण्याएवढी अंडी मातीत शेकड्याने घालते. आमच्या धंद्यात माती हीच प्रवास करते, पिशवीत, कुंडीत, पोयट्याच्या ट्रॉलीत. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी रात्रीत साफ केली आणि सरकारने त्या नुकसानीला मदत दिली. योग्यच केले. पण रोपांच्या आणि मातीच्या वाहतुकीवर लक्ष ठेवण्याचा विचार त्या वर्षीही झाला नाही. आम्ही पावसाळ्यात संध्याकाळी गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेला टाकतो, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून मिठाच्या पाण्यात टाकतो. गेल्या जुलैत एका पहाटेला दोन बादल्या भरल्या होत्या. शेजारच्या रोपवाटिकेने हे केले नाही तर आमच्या दोन बादल्यांना अर्थ उरत नाही. म्हणूनच हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

आणि हे आपल्या देशाला जमत नाही, असेही नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि दोन वर्षांत आपल्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. औषधाने तो हटेना. तेव्हा २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याचा परजीवी आणवला, वाढवला आणि बागाबागांत सोडला. ढेकूण आटोक्यात आला. पपईबरोबर आमची जास्वंद आणि चाफाही वाचला, कारण तो तिथेही होताच. आमचा कोणी विचार न करता आम्हाला झालेला हा एवढा मोठा फायदा आहे. विचार करून केले तर किती होईल?

आमच्या बाजूच्या चुकाही मांडते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आम्ही किडलेली छाटणी कुंपणापलीकडे टाकतो. वापरलेल्या पिशव्या न धुता पुन्हा भरतो. झाडाला कीड आहे हे दिसत असूनही, पाने पुसून गाडीत भरणारे आमच्यात आहेत. मित्रकीटक आम्हाला ओळखू येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमसचे भुंगेरे आणून सोडले. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला हा भुंगेरा ढेकूण खाण्यात पटाईत आहे. पंधरा दिवसांनी पाहते तो मावशी पानावरचे पांढरे लोकरीसारखे किडे बोटांनी चिरडत होत्या. ती त्या भुंगेऱ्याचीच पिल्ले होती. दिसायला हुबेहूब ढेकणासारखी, फक्त जरा मोठी आणि चपळ. मावशींना मी आधी दाखवलेच नव्हते. चूक माझी होती. आता नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला भिंगातून दोन्ही दाखवते.

यावर आमचे मागणे असे आहे.

शोभेच्या झाडांची रोपवाटिका क्रॉपसॅपच्या सर्वेक्षणात घ्या. राज्यभर एकदम नको. सुरुवातीला पूर्व हवेलीच्या पट्ट्यातल्या वीस रोपवाटिका निवडा. तिथे पिवळे-निळे चिकट सापळे लावा, दर आठवड्याला एका प्रशिक्षित माणसाने मोजणी करावी आणि शनिवारी आमच्या मोबाइलवर चार ओळींचा मराठी निरोप यावा: कोणती कीड वाढते आहे, कोणत्या झाडावर, आता काय करायचे. मोजणीसाठी आमच्या मुलामुलींना घ्या. गावात कृषी पदविका घेऊन बसलेली मुले आहेत.

औषधांसाठी दोनशे झाडांची दोनशे लेबले शक्य नाहीत, हे आम्हाला समजते. म्हणून शोभेच्या झाडांचे गट करावेत आणि गटातल्या एक-दोन झाडांवर चाचण्या घेऊन पूर्ण गटाला मंजुरी द्यावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्रीय नोंदणी समितीकडे पाठवावा. पुष्प संशोधन संचालनालय पुण्यातच आहे. गणेशखिंडला कृषी विद्यापीठाचे फुलांवरचे काम चालते. माणसे आणि ज्ञान दोन्ही आपल्या दारात आहे, चाचण्यांसाठी जागा आणि झाडे आम्ही फुकट देऊ.

१९६९ च्या कायद्याची व्याप्ती वाढवा, किंवा शोभेच्या रोपवाटिकांसाठी वेगळा नियम करा. त्यात नोंदणी असावी, वर्षातून दोनदा तपासणी असावी, आणि परराज्यातून येणाऱ्या मालासोबत पाठवणाऱ्याचा आरोग्य दाखला असावा. देशांतर्गत वाहतुकीवर नियम करण्याचे अधिकार १९१४ च्या कीड कायद्यातही आहेत. मात्र नाक्यावर ट्रक अडवून पैसे मागण्याचे एक नवे ठिकाण निर्माण होऊ देऊ नका. उन्हात उभ्या ट्रकमध्ये रोपे सहा तासांत सुकतात. तपासणी आमच्या फाटकात करा. आलेला माल पंधरा दिवस वेगळ्या वाफ्यात ठेवण्याची अट आम्ही पाळू, आणि त्या वाफ्याची जाळी उभी करायला शेडनेटच्या अनुदानातून थोडी मदत द्या.

मित्रकीटक आणि जैविक बुरशी, म्हणजे रोग-किडींना मारणाऱ्या उपयोगी बुरशी, वेळेवर मिळाव्यात. पिठ्या ढेकूण मार्चमध्ये वाढू लागतो आणि भुंगेरे मागायला गेले की जूनची तारीख मिळते, असे माझ्याबाबत दोनदा झाले आहे. ट्रायकोडर्मा आणि व्हर्टिसिलियमच्या पाकिटांवर तयार केल्याची तारीख ठळक असावी आणि ती दुकानाच्या पत्र्याखाली तापत पडू नयेत. मेलेली बुरशी विकत घेऊन शेतकरी "जैविकाने काही होत नाही" असे म्हणू लागतो, आणि पुन्हा विषाच्या बाटलीकडे वळतो.

फवारणाऱ्यांच्या संरक्षणाचे वर लिहिलेच आहे, ते वेगळे मागत नाही. त्यात एवढेच जोडते की प्रशिक्षणाला मालकांबरोबर मजूर बायकांनाही बोलवा, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडू नये.

आणि पंचनाम्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. रोपवाटिका, झाडाचे नाव, पिशव्यांची संख्या. मदत किती द्यायची ते सरकारने ठरवावे, पण नुकसान झाले हे कागदावर तरी यावे. गेल्या वर्षीचे माझे दोन हजार गुलाब कोणत्याही सरकारी कागदावर कधी मेलेच नाहीत.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून येत्या मृगाच्या आधी एकच गोष्ट मागते. आमच्या पट्ट्यासाठी, शोभेच्या झाडांच्या कीड-रोगांची जबाबदारी असलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर जाहीर करा. पानाखाली नवीन काही दिसले तर मी त्याच दिवशी फोटो काढून पाठवीन, आणि पान कापडात गुंडाळून स्वतः आणून देईन.

आपली,
एक रोपवाटिकाधारक
पूर्व हवेली, जि. पुणे